ज्यांच्यावर थेरपी झाली, त्यांना कोणी विचारलं का?

ऑटिझम असलेल्या मुलांचे आईवडील हल्ली माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलाची वर्तन-थेरपी चालू असते आणि 'ही पद्धत संशोधनाने सिद्ध झालेली आहे' असं सेंटरमध्ये ठामपणे सांगितलेलं असतं. मग कुठेतरी वाचनात येतं, की लहानपणी याच थेरपीतून गेलेली, आता मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं 'आम्हाला त्याचा त्रास झाला' असं सांगताहेत. तिथून झोप उडते. खरं कोणाचं मानायचं? थेरपी थांबवली तर मुलाची महत्त्वाची वर्षं वाया जातील का? आणि चालू ठेवली तर आपणच त्याला दुखावतोय का?

मीनल आणि सचिन (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आले होते, फक्त दोघांची उत्तरं वेगळी होती. मुलगा ओम सहा वर्षांचा. अडीचाव्या वर्षी निदान झालं आणि लगेच एबीए, म्हणजे अप्लाइड बिहेविअर अॅनालिसिस सुरू झालं. या पद्धतीत एखादं कौशल्य छोट्या छोट्या पायऱ्यांत शिकवतात. पायरी जमली की शाबासकी किंवा आवडीची वस्तू मिळते, आणि जे वागणं नको असतं त्याला प्रतिसाद द्यायचा नाही किंवा ते थांबवायचं. ओम रोज तीन तास सेंटरला जायचा. सचिनने दर तिमाहीचे रिपोर्ट नीट फाइल करून आणले होते. 'नजरेला नजर देणे', 'हात स्थिर ठेवणे', 'जागेवर बसणे' या सगळ्यांचे आलेख वर चढत गेलेले.

आम्ही बोलत असताना ओम सतरंजीवर बसून पंख्याकडे बघत होता. पंख्याचा वेग बदलला तसे त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलले गेले, बोटं थरथरायला लागली. पुढच्याच क्षणी त्याने दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले, त्यांच्यावर बसला आणि अगदी मोठ्या माणसाच्या सुरात म्हणाला, "शाब्बास." त्याला कोणीही काही म्हटलं नव्हतं.

"बघा, आता किती कंट्रोल आलाय," सचिन म्हणाला. मीनलने मान खाली घातली. सेंटरच्या गल्लीत रिक्षा वळली की ओम मनगट चावायला लागतो, हे तिने त्यानंतर सांगितलं.

सचिनला मी दोषी धरत नाही. निदान झाल्यावर बापाच्या हातात एक आलेख येतो, तो वर जाताना दिसतो, तेवढाच दिलासा असतो. त्याचा आक्षेपही फेटाळण्यासारखा नव्हता. "मॅडम, तक्रार करणारे लोक बोलू शकतात, लिहू शकतात. माझ्या मुलाला पाणी हवं असलं तर तो माझा हात धरून माठापाशी नेतो. त्यांचा आणि याचा काय संबंध?"

हे मला बऱ्याच घरांतून ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. एक ऑटिस्टिक माणूस सगळ्या ऑटिस्टिक माणसांच्या वतीने बोलू शकत नाही, हे खरंच आहे. पण आज टाइप करून स्वतःचं म्हणणं मांडणाऱ्यांमध्ये असेही आहेत, ज्यांना सहाव्या वर्षी धड शब्द नव्हते. आणि समजा, ओम कधीच बोलला नाही, तरी ट्यूबलाइटची गुणगुण कानाला कशी बोचते, नजरेला नजर देताना समोरच्याचं बोलणं कसं निसटून जातं, हे त्याच्यापेक्षा थोडंफार वेगळं पण त्याच जातीचं अनुभवलेला माणूस मला किंवा सचिनला सांगू शकतो. आम्हा दोघांना ते आतून कधीच कळणार नाही. मुलगा बोलत नाही, हे कारण अशा माणसांचं ऐकण्याच्या बाजूचं आहे, विरुद्ध बाजूचं नाही.

सचिन इंजिनियर आहे, त्याला पुरावा हवा होता. मग आम्ही पुराव्याकडेच वळलो.

'सिद्ध झालंय' या वाक्याचं मूळ बहुतेक वेळा 1987 सालच्या एका अभ्यासापाशी जातं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ईवार लोवास यांनी तो केला. 19 लहान मुलांना आठवड्याला सुमारे 40 तास थेरपी दिली आणि त्यातली 9 मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली, बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला, असं त्यांनी मांडलं. पण थेरपीचा गट आणि तुलनेसाठीचा गट यांत कोणत्या मुलाला कुठे घालायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. आणि त्या थेरपीत जोरात 'नो' म्हणणं, क्वचित मांडीवर चापट मारणं हेही होतं. ही गोष्ट त्याच शोधनिबंधात लिहिलेली आहे. आजची बहुतेक सेंटरं चापट मारत नाहीत, ते योग्यच झालं. पण 'यश' म्हणजे मूल इतर मुलांसारखं दिसणं, ही मोजपट्टी पुढे बराच काळ तशीच राहिली.

मोजपट्टीत जे नाही, ते निष्कर्षातही येत नाही. लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या निरनिराळ्या उपचारांचे 150 अभ्यास संशोधकांनी 2021 मध्ये तपासले. उपचाराने मुलाला काही अपाय झाला का, याचा उल्लेखच 139 अभ्यासांत नव्हता. म्हणजे 93 टक्क्यांत. अपाय झाला असं यातून सिद्ध होत नाही. पण 'अपाय होत नाही' असं म्हणायलाही या अभ्यासांचा आधार उरत नाही. साध्या तापाच्या औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा दुष्परिणाम छापलेले असतात, आणि इथे आठवड्याचे कित्येक तास मुलाला द्यायच्या गोष्टीबद्दल तो रकाना कोरा. सचिन हा आकडा बराच वेळ बघत होता.

हा कोरा रकाना दाखवून देणाऱ्यांत ऑटिस्टिक माणसं कधीपासूनच होती. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या पालकांनी सरकारने एबीएचा खर्च उचलावा म्हणून खटला लढवला. तो 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मिशेल डॉसन या ऑटिस्टिक संशोधिकेने स्वतः न्यायालयापुढे बाजू मांडली. चर्चा आमच्याबद्दल आहे आणि चर्चेत आम्हीच नाही, हा तिचा मुद्दा होता. वर्तनतज्ज्ञांच्या संशोधनातल्या नैतिक त्रुटींवर तिने त्याच वर्षी सविस्तर लिहिलं. 2006 पासून अमेरिकेत आस्पायर नावाचा संशोधनगट काम करतो. डोरा रेमेकर ही ऑटिस्टिक संशोधक व्यक्ती आणि क्रिस्टिना निकोलायडिस या डॉक्टर, दोघांनी मिळून तो उभा केला. अभ्यासाचा विषय ठरवण्यापासून ऑटिस्टिक सहकारी बरोबरीने असतात.

आपल्याकडेही हे काही परकं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 6 सांगतं, की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा पद्धतीने विचारून तिची संमती घ्यायला हवी, शिवाय एका समितीची पूर्वपरवानगी हवी. त्या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत. कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. हे कलम किती जणांना माहीत असतं?

आणि मोजपट्टी बदलता येते, याचं उदाहरण जवळच, गोव्यात आहे. 'संगत' या संस्थेने तिथे आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात रावळपिंडीला 65 मुलांच्या घरांबरोबर एक चाचणी घेतली, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. आरोग्य कार्यकर्त्या आईवडिलांना मुलाबरोबर खेळतानाचा त्यांचाच व्हिडिओ दाखवायच्या आणि मूल संपर्क साधू बघतं ते क्षण ओळखायला शिकवायच्या. मुख्य मोजणी होती ती पालक आणि मूल यांच्यातल्या देवाणघेवाणीची, आणि पालक मुलाच्या लयीशी किती जुळवून घेतात हेही त्यात मोजलं. बदल आधी मोठ्यांनी करायचा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

पण कागदावरच्या पुराव्याने घरातली गाठ सुटत नाही. मी मीनल-सचिनची ऋतुजाशी गाठ घालून दिली (हेही नाव बदललेलं). ती ऑटिस्टिक आहे, सत्तावीस वर्षांची, एका ग्रंथालयात काम करते, लहानपणी वर्तन-थेरपीतून गेलेली आहे. दमली की तोंडाने बोलणं तिला जमत नाही, म्हणून ती मोबाइलवर टाइप करते. भेटीपूर्वी तिने अटी सांगितल्या होत्या: पंखा मंद, अत्तर नको, प्रश्न आधी लिहून पाठवा.

'थेरपी बंद करा' असं ती म्हणेल, अशी सचिनची अपेक्षा असावी. तिने टाइप केलं, "मला बुटाची लेस बांधायला तिथेच शिकवलं. त्याचा आजही उपयोग होतो." मग बराच वेळ थांबून, "पण मला 'नाही' म्हणायचं विसरायला शिकवलं. कोणीही हात धरून बसवलं की मी बसायचे. कॉलेजातसुद्धा." याहून जास्त तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. मग तिने विचारलं, "ओम 'नको' कसं म्हणतो? आणि म्हटल्यावर काय होतं?"

दोघांनाही उत्तर देता आलं नाही.

पुढचा आठवडा मी त्यांना फक्त हेच बघायला सांगितलं. मीनलने वहीत लिहून आणलं. मान वळवतो. जीभ बाहेर काढतो. चप्पल लपवतो. मनगट चावतो. रिपोर्टमध्ये यातली प्रत्येक गोष्ट 'असहकार' किंवा 'समस्या-वर्तन' म्हणून आलेली होती. आजीने एका वाक्यात भर घातली होती, "हात फडफडवतो तेव्हा पोरगं खुशीत असतं, हे मी कधीची सांगतेय."

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मूल अचानक स्वतःला चावायला, मारायला लागलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. दात, कान, बद्धकोष्ठता, काहीही असू शकतं, आणि न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. आणि चालू थेरपी एका रात्रीत तोडू नका. त्या खोलीत एखादी ताई मुलाच्या आवडीची असते, दिवसाला एक घडी बसलेली असते. आधी उद्दिष्टं तपासा.

ओमची उद्दिष्टं आम्ही एकेक करून तपासली. रस्ता ओलांडताना हात धरणं, शी-शू सांगणं, चित्रांच्या कार्डांवरून हवं ते मागणं, ही ठेवली. नजरेला नजर आणि हात स्थिर, ही दोन्ही काढायला सांगितली, कारण त्यांचा ओमला काय फायदा हे सेंटरलाही सांगता येईना. आणि एक नवं घातलं: टेबलावर 'नको'चं लाल कार्ड, ते पुढे केलं की काम थांबलंच पाहिजे.

पहिले पंधरा दिवस ओमने दुसरं काही केलंच नाही. कार्ड पुढे, काम बंद. आलेख कोसळला. सेंटरच्या थेरपिस्ट वैतागल्या, सचिनने मला रात्री फोन केला. मी म्हटलं, साडेतीन वर्षांचे 'नको' साठलेले आहेत, ते आधी बाहेर पडू देत. महिन्याभरात कार्डाचा वापर कमी झाला, आणि कामं कोणती नको आहेत ते कळायला लागलं. मणी ओवणं सरसकट नको, पाण्याशी खेळत शब्द शिकणं चालेल. मनगट चावणं पूर्ण थांबलेलं नाही, पण रिक्षात आता क्वचितच होतं. बोलण्यात अजून फारसा फरक नाही, आणि तो पडेल असं मी त्यांना कधी म्हटलेलंही नाही.

मध्यंतरी त्याच सेंटरमध्ये एका विद्यार्थिनीचा शोधप्रकल्प सुरू झाला आणि ओमची माहिती वापरायला संमतीपत्र आलं. सचिनने सही करण्याआधी विचारलं, यात मुलाच्या त्रासाची नोंद होणार आहे का? समितीची परवानगी आहे का? आणि ही प्रश्नावली एखाद्या ऑटिस्टिक माणसाने वाचली आहे का? मुलगी भली होती, ओशाळली नाही. परवानगीची प्रक्रिया तिने मार्गी लावली आणि माझ्यामार्फत ऋतुजाला प्रश्नावली वाचायला दिली. ऋतुजाने वाचण्याचं मानधन मागितलं, ते तिला मिळालं. तिने नव्याने घातलेला प्रश्न असा: 'सेशन संपून घरी आल्यावरचे पहिले दोन तास मुलाचे कसे जातात?' सेशनमध्ये दाबून ठेवलेलं सगळं त्याच वेळात बाहेर येतं, आणि तिथे मोजायला कोणीच नसतं, असं तिचं म्हणणं होतं. पालक सध्या तो रकाना भरताहेत. मीनलही भरते, आणि आजीला विचारून भरते, कारण त्या वेळी घरी ओमजवळ आजीच असते.