वजनाचं इंजेक्शन चालू आहे आणि फणीत केसांचे पुंजके येतायत

प्रश्न : डॉक्टर, मी नाशिकची, वय ४१. जाऊबाईंच्या ओळखीतल्या एका फिटनेसवाल्याकडून सेमाग्लुटाइड या वजन कमी करायच्या औषधाचं इंजेक्शनचं पेन आणलं आणि आठवड्याला एक असं घेतेय. त्याने दुसऱ्याच महिन्यात डोस डायरेक्ट १ मिलिग्रॅम केला, म्हणाला लवकर रिझल्ट येईल. चार महिन्यांत ८६ वरून ७५ वर आले, पण आता पोळी समोर आली तरी मळमळतं, पोट साफ होत नाही आणि केस तर विचारू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर येतंय की याने कॅन्सर होतो, डोळे जातात. नवरा म्हणतो आत्ताच्या आत्ता बंद कर. मला भीती की बंद केलं तर परत फुगेन. काय करू?

उत्तर : ताई, आधी केसांचं, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं रडू तिथेच फुटतं. वजन भराभर उतरलं की दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर जातात ना तसेच, आणि वजन स्थिरावलं की बहुतेकींचे परत येतात. पण तुम्ही खाताय काय ते लिहिलंच नाहीये. चहा-बिस्किटावर दिवस निघत असेल तर केसांबरोबर स्नायूही झिजतात, आणि वजनकाट्याला चरबी कुठली न् स्नायू कुठला ते कळत नाही. पोळी जात नसेल तर राहू दे, पण दही, ताक, मुगाचं धिरडं, अंडं चालत असेल तर अंडं, हे थोडं थोडं दिवसभर पोटात जाऊ द्या, आणि पाणी. हिमोग्लोबिन, थायरॉइडही तपासून घ्या.

मळमळ आणि बद्धकोष्ठ हे औषधाचेच गुण, अन्न पोटात जास्त वेळ थांबतं म्हणूनही भूक लागत नाही. त्यासाठीच ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी पायरी चढायची असते. तुमच्या फिटनेसवाल्याने मधली पायरीच खाल्ली, खरं सांगायचं तर मला त्या पेनपेक्षा या माणसाची जास्त भीती वाटते, कारण हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे आणि ते पेन त्याच्याकडे फ्रिजमध्ये होतं की बाइकच्या डिकीत हेही तुम्हाला माहीत नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या, माणसात तसं सिद्ध झालेलं नाही, तरी घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) झाला असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. डोळ्यांचं अगदीच खोटं नाही. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये सांगितलं की डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका आहे, पण दहा हजारात फार तर एकाला. अचानक दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. आणि पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीत कळ जायला लागली, सोबत उलट्या, तर ॲसिडिटी म्हणून जेलुसिल पीत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडेही होतात.

बंद केल्यावर वजन परत येतं ही भीती खरी आहे. एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा नवऱ्याचंही ऐकू नका आणि फिटनेसवाल्याचंही. पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी पेन हातात घेऊन फिजिशियनकडे जा, डोस कमी करायचा की थांबायचं ते तो ठरवेल. आणि हो, मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी हे बंद असावं लागतं.

प्रश्न : माझं मौंजारो (असंच वजनाचं इंजेक्शन) चालू आहे, पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन. भूल देणाऱ्यांना सांगावं का? घरी कुणालाच माहीत नाही. (वाचक, सातारा)

उत्तर : सांगाच काका, आणि आत्ताच फोन करून सांगा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नको. रात्रीपासून उपाशी राहिलात तरी पोटात अन्न शिल्लक राहू शकतं आणि भुलीत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. शेवटचं इंजेक्शन कधी घ्यायचं, आदल्या दिवशी फक्त पातळ खायचं का, ते भूलतज्ज्ञ सांगतील. घरच्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही बघा.