वनजमिनीवरील तळ्यात मासेमारी आणि पोटापुरती शिकार करण्याचा हक्क आमच्या गावाला मिळेल का?

वनहक्क कायदा, 2006 नुसार मासेमारीचा सामूहिक हक्क मिळू शकतो. शिकारीचा मात्र, ती घरी खाण्यापुरती असली तरी, मिळत नाही. कायद्याच्या कलम 3 मध्ये पाणवठ्यांतील माशांवरील सामूहिक हक्क स्पष्टपणे नमूद आहे, आणि त्याच कलमाने इतर पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार व फासे लावणे वगळले आहे. त्यामुळे भेकरासाठी लावलेला फासा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हाच ठरतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करावा, त्यात प्रत्येक तळे, नाला व डोह नावानिशी लिहावा, आणि ज्येष्ठांचे लेखी जबाब पुरावा म्हणून अवश्य जोडावेत. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातील क्षेत्र संकटग्रस्त वन्यजीव अधिवास (वन्यजीव संवर्धनासाठी अबाधित ठेवायचे क्षेत्र) म्हणून घोषित करताना, कायद्याच्या अटी पूर्ण झाल्यास, या हक्कांत फेरबदल होऊ शकतो. मात्र त्यासाठी ग्रामसभेची लेखी संमती लागते.