कमी बोलतो म्हणून मागे पडतो का?

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.७. कॅम्पसला तीन कंपन्या आल्या. तिन्हींची लेखी परीक्षा पास झालो, पण दोनदा ग्रुप डिस्कशनमध्ये आणि एकदा एचआर राउंडला गळालो. माझ्याहून कमी मार्कांचा मित्र निवडला गेला. मी मुळातच कमी बोलतो. बाबा म्हणतात, बर्डीवर पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लाव, फी १५ हजार. मार्कांना आता किंमतच नाही का?
– एक विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : किंमत आहे रे. मार्क नसते तर तू लेखीच्या दारातच अडला असतास. पण पुढच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांकडेच मार्क असतात, म्हणून तिथे ते पुन्हा कुणी मोजत नाही.

बुटीबोरीतल्या एका कारखान्यात मी २१ वर्षं भरतीचं काम केलं. आधी आम्हीही मार्कशीट बघूनच मुलं घ्यायचो. पण ज्यांच्यामुळे शिफ्टमध्ये भांडणं व्हायची, त्यांत कामात कच्चं असं क्वचितच कुणी निघायचं. फिटरशी तुसडेपणाने बोलणारे आणि चूक झाकणारेच जास्त. तेव्हापासून आमचे प्रश्न बदलले. बाकी ठिकाणीही तेच आहे. यूपीएससीत लेखीचे १७५० गुण आणि वर २७५ गुणांची मुलाखत, तिला आयोग व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. एमबीबीएसला २०१९ पासून रुग्णाशी कसं बोलावं-वागावं हे अभ्यासक्रमातच आलं. आपल्या मिहानमधल्या आयआयएमलाही कॅटनंतर मुलाखत द्यावीच लागते.

उमरेडचा एक मुलगा मला अजून आठवतो. "तुझी एखादी चूक सांग," म्हटलं, तर अर्धा मिनिट गप्पच. मग म्हणाला, "सुट्टीत कळमन्याला काकांच्या अडतीवर हिशेब लिहीत होतो. एका शेतकऱ्याच्या संत्र्याचं वजन दोन क्विंटल कमी लिहिलं. रात्री मेळ बसेना तेव्हा कळलं. सकाळच्या एसटीने काटोलला जाऊन त्याचे पैसे दिले. तेव्हापासून काट्याची पावती समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवतो." इंग्रजी मोडकं होतं, मध्येच मराठीवर यायचा. पण चूक, भरपाई आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून केलेला उपाय, तिन्ही त्यात होतं. आम्ही त्याला घेतलं. त्याच दिवशी सहा जणांनी "मी परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा वीकनेस" असं सांगितलं होतं. ते वाक्य क्लासचं असतं, हे आम्हाला पाठ झालं होतं.

म्हणून कमी बोलणं हा दोष मानू नकोस. ग्रुप डिस्कशनमध्ये दोनदाच बोल, पण आधीच्याचं नीट ऐकून, त्याचा मुद्दा धरून बोल. अगदीच गप्प राहिलास तर मात्र आमच्या कागदावर तुझ्या नावापुढे लिहायला काहीच उरत नाही.

एक सल आहे, तीही सांगते. सुरुवातीच्या काळात अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलीला मी नाकारलं. दोन वर्षांनी ती आमच्या एका पुरवठादाराकडे तपासणी विभागात भेटली, आणि आमच्याच ड्रॉइंगमधली चूक तिने दाखवून दिली. निवडणारेही चुकतात. तिन्ही नकार तुझ्याच माथी मारून घेऊ नकोस.

क्लासचे १५ हजार सध्या राहू देत. प्रोजेक्टच्या गटात जे काम कुणी घेत नाही, ते माग : वर्कशॉपमधल्या मामांकडून मशीनची वेळ ठरवून घेणं, रुसलेल्या दोघांना एका टेबलाशी बसवणं. मग वहीत तुझ्या हातून खरोखर घडलेले चार प्रसंग लिही. एकात तू चुकलेला असावास, एकात कुणाशी तरी पटलेलं नसावं. रोज रात्री जेवण झालं की त्यातला एक बाबांना सांग, मराठीत. ते मध्येच "म्हणजे काय?" म्हणाले की तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तेवढंच वाक्य पुन्हा सांग. इंग्रजीत सांगायची तयारी पंधरा दिवसांनी सुरू कर.