ई-मेलमधील स्पॅम कमी करण्यासाठी कोणते उपाय करता येतील? प्रत्येक पत्रामागे थोडे शुल्क आकारले तर फरक पडेल का?

शुल्काची कल्पना नवीन नाही आणि माझ्या मते ती चुकीची आहे. पाठवणाऱ्याच्या संगणकाला प्रत्येक पत्रामागे थोडी आकडेमोड करायला लावावी, असे सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच सुचवले होते, आणि १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅक यांनी याच धर्तीवर हॅशकॅश ही पद्धत तयार केली. दिवसाला वीस पत्रे लिहिणाऱ्या माणसाचे काही सेकंदांनी काही बिघडणार नाही, पण लाखो पत्रे पाठवणाऱ्याला ते परवडणार नाही, असा त्यामागचा हिशोब होता. तो फसतो, कारण स्पॅम पाठवणारा स्वतःचे यंत्र वापरतच नाही. विषाणू शिरलेल्या हजारो परक्या संगणकांकडून तो काम करून घेतो. त्यामुळे वीज, वेळ किंवा पैसा, जे काही शुल्क लावाल त्याचा भुर्दंड त्या संगणकांच्या बेसावध मालकांना आणि आपल्या सभासदांना प्रामाणिकपणे पत्रे पाठवणाऱ्या संस्थांना पडेल.

पण मी हे उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातील ‘कमी करणे’ या शब्दांमुळे. स्पॅम कमी झाले हे मोजायचे कशावरून, यावर माझा आणि माझ्या एका वरिष्ठांचा जो वाद झाला, तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२००६ मध्ये मी एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर, म्हणजे ई-मेलची ने-आण करणारा संगणक, सांभाळत होतो. आमची चाळणी प्रत्येक पत्राला गुण देत असे: संशयास्पद शब्द, काळ्या यादीतील सर्व्हर, बनावट वाटणारे शीर्षलेख (पत्र कोठून, कोणाकडून आले याची माथ्यावरची माहिती), अशा प्रत्येक गोष्टीचे काही गुण. पाचांच्या वर गेलेले पत्र स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाई. वरिष्ठांनी आदेश दिला की दहांच्या वर गेलेले पत्र फोल्डरमध्येही ठेवायचे नाही, परस्पर नष्ट करायचे. त्यानंतर तक्रारी खरोखरच कमी झाल्या आणि दर महिन्याच्या बैठकीत तो उतरता आलेख दाखवला जाऊ लागला.

एके दिवशी कार्यालयाने एका मुलीचा फोन माझ्याकडे वळवला. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने ई-मेलने तीन वेळा पाठवला होता आणि मुदत संपून चार दिवस झाले होते. तिने भांडण काढले नाही. “माझा अर्ज अपात्र ठरला का, एवढेच सांगा,” असे ती म्हणाली. मी लॉग, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो ती नोंदवही, उघडला. तीन तारखा, तीन नोंदी, आणि प्रत्येक ठिकाणी एकाखाली एक अशा दोन ओळी: पहिलीत आमच्या सर्व्हरने तिच्या सर्व्हरला दिलेला ‘२५०’ हा संकेतांक, म्हणजे पत्र स्वीकारले, दुसरीत ‘गुण ११.४, नष्ट’. तिच्या सेवादात्याचा सर्व्हर त्याच्या दुसऱ्याच कोणा ग्राहकाच्या उद्योगांमुळे दोन काळ्या याद्यांत होता, पत्रात मजकूर जेमतेम दोन ओळींचा होता, कागदपत्रे चित्ररूपात जोडलेली होती आणि विषयाची ओळ घाईघाईने मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेली होती. तिची चूक म्हणावी असे यात काहीही नव्हते. मी लॉगची प्रत घेऊन निवड समितीकडे गेलो, पण मुदतीचा नियम पुढे करून अर्ज घेतला गेला नाही.

वरिष्ठांचे म्हणणे असे की इतकी घाण अडवताना एखादे चांगले पत्र जायचेच. मी त्यांना म्हणालो, “सर, पत्र अडवल्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण ते मिळाले असे तिला सांगितले आणि मग फेकून दिले, ही माझी तक्रार आहे.” ई-मेलच्या वाहतुकीचे नियम सांगणाऱ्या २००१ सालच्या आरएफसी २८२१ या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की, पत्र स्वीकारल्याचे कळवले की ते पोहोचवण्याची, किंवा पोहोचवता आले नाही तर तसे पाठवणाऱ्याला कळवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर येते. पत्र नको असेल तर ते दारातच, म्हणजे दोन सर्व्हरचे बोलणे चालू असतानाच, ‘५५०’ हा संकेतांक देऊन नाकारावे. प्रामाणिक माणसाच्या सर्व्हरला ते कळते आणि तो आपल्या मालकाला कळवतो. त्या मुलीला पहिल्याच दिवशी असे कळले असते, तर तिने अर्ज टपालाने पाठवला असता. “पण नकार दिला की स्पॅमवाले शहाणे होतात,” हे वरिष्ठांचे उत्तर होते, आणि तेथे आमचे बोलणे संपले.

तुमच्या मूळ प्रश्नाबाबत थोडक्यात सांगतो. स्वतःचे डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यात @ नंतर येणारे नाव, असेल तर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी करा. पत्र खरोखर त्या डोमेनकडूनच आले आहे का, हे घेणाऱ्याच्या सर्व्हरला त्यांवरून पडताळता येते. ई-मेलच्या १९८२ च्या मूळ नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोयच नव्हती. ती उणीव या नोंदी बऱ्याच अंशी भरून काढतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना त्या बंधनकारक केल्या आहेत, शिवाय जाहिरातीच्या पत्रांतून एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोयही सक्तीची केली आहे. गेल्या काही वर्षांतील हा मला सर्वांत समाधानकारक बदल वाटतो. अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेस ‘थोड्या वेळाने या’ असे सांगणारी ग्रेलिस्टिंगची पद्धतही मला आवडते, कारण खरा सर्व्हर पुन्हा येतो आणि कोणाचीही फसवणूक होत नाही.

मुळावर घाव घालायचा असेल तर पैशाची आणि यंत्रणेची वाट अडवावी लागते. एका संशोधकगटाने २००८ मध्ये एका बॉटनेटमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या विषाणू शिरलेल्या संगणकांच्या जाळ्यात, शिरकाव करून मोजले, तेव्हा सुमारे ३५ कोटी पत्रांमागे केवळ २८ विक्रीचे व्यवहार झालेले आढळले. इतक्या तुटपुंज्या नफ्यावर चालणारा धंदा अडथळे आले की लगेच डळमळतो. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला अशा बॉटनेटची सूत्रे ज्यांवरून हलत ते सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅककोलो या अमेरिकी होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली आणि जगभरातील स्पॅम निम्म्याच्या आसपास उतरले. त्या रात्री मी लॉग पाहत होतो. एरवी पडद्यावर धावणाऱ्या ओळी एकेक करून वाचता येतील इतक्या संथ झाल्या होत्या. काही महिन्यांत स्पॅम पुन्हा वाढले, हेही खरे.

आता थोडी पुस्ती जोडतो. दारातच नकार देण्यासाठी चाळणी बोलणे चालू असतानाच चालवावी लागते, म्हणजे सर्व्हर तेवढा सक्षम हवा. पत्र आधी स्वीकारून नंतर परत पाठवू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा बनावट असतो आणि परतीची पत्रे तिसऱ्याच निरपराध माणसाच्या माथी पडतात. पत्र दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवून येत असेल तर दारातील नकारानेही असे होऊ शकते. शिवाय २००८ च्या सुधारित नियमांत पत्र घातक किंवा फसवे असल्याची जवळजवळ पक्की खात्री असेल तर ते न कळवता टाकून देण्याची मुभा आहे, आणि विषाणू असलेल्या पत्रांसाठी मीही ती वापरतो. पण गुणांच्या बेरजेला मी पक्की खात्री मानत नाही.

मी आज जो सर्व्हर चालवतो त्यावर ‘५५०’ च्या पुढे साध्या भाषेत एक ओळ लिहिली आहे: आपले पत्र स्वीकारलेले नाही, कृपया या क्रमांकावर फोन करा. तुम्हीही अशी ओळ लिहा. त्या क्रमांकावर अधूनमधून फोन येतात, आणि त्यांतील एकही आजवर स्पॅम पाठवणाऱ्याचा नव्हता.