इंजिनात कार्बन साचल्यामुळे पिकअप खरंच कमी होतो का? डिकार्बिंग (साचलेला कार्बन काढण्याची सफाई) करून घ्यावं का?

पिकअप कमी होतो, पण कार्बन कुठे धरलाय हे कळल्याशिवाय डिकार्बिंगवर खर्च करू नका. तुम्ही लिहिलंय की तुमची पेट्रोल गाडी सकाळी थरथरते आणि गरम झाल्यावर नीट चालते. एवढ्यावरून कार्बनच म्हणणं घाईचं आहे.

आधी इंजिन पोर्ट इंजेक्शनचं आहे की डायरेक्ट इंजेक्शनचं, ते पाहा. पोर्टमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या) पाठीवर फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह बऱ्यापैकी धुतला जातो. डायरेक्टमध्ये (जीडीआय, टीएसआय) पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. पीसीव्हीतून (इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारी झडप) येणारी ऑइलची वाफ मग गरम व्हॉल्व्हवर बसून भाजते आणि खरवडून काढावी लागेल अशी काळी खपली धरते. हवेची वाट अरुंद होते, इंजिन थंड असताना मिसिंग येतं (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), वरच्या आरपीएमला दम राहत नाही. टाकीत ओतायचं अ‍ॅडिटिव्ह इथे निरुपयोगी, कारण ते या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही! हायवेवर गाडी ताणूनही ही खपली जात नाही.

पिस्टनच्या डोक्यावरच्या कार्बनची गोष्ट वेगळी. त्याने कम्प्रेशन थोडं वाढतं, उष्णता धरून राहते आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट) सुरू होतं. नॉक सेन्सरला ते कळलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही तिथेच जातात. इथे आणि इंजेक्टरसाठी पीईए (कार्बन साफ करणारं रसायन) असलेलं अ‍ॅडिटिव्ह उपयोगी पडतं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच ठेवा.

आयडलिंग वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) पुसा. इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर बिघडतात. नंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडल रीलर्न करावं लागतं, म्हणजे आयडलिंगची सेटिंग ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते.

तुमच्या बाबतीत पहिलं काम स्कॅनिंग, म्हणजे स्कॅनर लावून ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणं. समजा पी०३०२ कोड आला, तर दुसऱ्या सिलिंडरला मिसिंग आहे. त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्याच्या कॉइलशी बदलून पाहा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा, कार्बनचा नाही. प्लगचंही तसंच करा. कोड जागचा हलला नाही तर कम्प्रेशन तपासा आणि बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह बघा.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात जाड थर दिसलाच, तर खात्रीचा उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारे पाइप) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने ब्लास्टिंग. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर भुगा आत जातो. म्हणून दर सिलिंडरला क्रँक फिरवून घ्यावा लागतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट नवंच टाकायला सांगा आणि जोडणीआधी प्रत्येक पोर्टचा फोटो मागा. व्हॉल्व्हच्या पाठीवर उघडा धातू दिसायला हवा.