परसातला फणस काढायला झाला हे कसं ओळखायचं, आणि तो खायचा कसा?

बोटांनी वाजवून बघा. कच्चा फणस टणक, ठणठण वाजतो, तयार झालेला बद्द आणि पोकळ. शिवाय काटे बोथट होऊन एकमेकांपासून लांब जातात आणि देठाजवळचं पान पिवळं पडतं. एवढं दिसलं की काढा, वास सुटेपर्यंत झाडावर ठेवू नका. तोवर पक्षी-खारी पोचलेल्या असतात, आणि पिकून पडला तर फुटतोच.

देठ चारपाच बोटं ठेवून कापा. फणस उंचावर असेल तर आधी दोरीने बांधून मग सोडा, दहा-पंधरा किलोचं धूड हातात झेलायच्या भानगडीत पडू नका. देठ खाली करून ठेवला की चीक निथळतो. उबदार जागी 3 ते 10 दिवसांत पिकतो. दाबल्यावर किंचित दबला आणि घरभर घमघमाट सुटला की फोडा.

फोडण्याआधी हाताला आणि सुरीला खोबरेल चोपडा, खाली जुने कागद पसरा. चीक साबणाने जात नाही, तेलानेच जातो. कापा (घट्ट गऱ्यांचा) फणस असेल तर सुरी लागेल, बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) हातानेही उकलतो. मधला दांडा आधी काढून टाकलात तर निम्मा चीक तिथेच संपतो.

गरे लगेच खा, उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये, नाहीतर दुधालासुद्धा फणसाचा वास! आठळ्या फेकू नका. उकडून किंवा भाजून खा, कच्च्या मात्र नकोत. लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) ॲलर्जी असणाऱ्यांनी जरा जपूनच.