अर्धे सुटले, उरलेले वाटणीत गेले

तुमचा प्रश्न असा आहे की जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात गुलाम मुक्त केले, मग बायको मार्था वारल्यावर माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावरचे दीडशे गुलाम नातवंडांत वाटले कसे गेले? हा ढोंगीपणा नाही का? ढोंगाचा हिशोब जरा थांबून करू, आधी वाटणीचे कागद बघू.

मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच गेला. व्हर्जिनियाच्या कायद्याने विधवेला इस्टेटीचा तिसरा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. उत्पन्न खायचं, मूळ हिश्श्याला हात लावायचा नाही. ती गेली की सगळं कस्टिसच्या वारसांकडे परत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीचे आपल्याकडच्या विधवांच्या मर्यादित हक्काचे दावे ज्यांनी चाळलेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. फक्त या हिश्श्यात माणसं होती, आणि माणसांना मुलं होतात. मूल आईच्या दर्जाचं, बाप कोणीही असो, हे व्हर्जिनियाने १६६२ मध्येच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे मार्थाच्या हिश्श्यातल्या बाईला झालेलं प्रत्येक मूल कस्टिसांच्या खात्यात जमा. १७९९ पर्यंत हा आकडा १५३ वर गेला. वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे १२३, आणि इतरांकडून भाड्याने घेतलेले ४१. एकूण ३१७.

त्या वर्षी वॉशिंग्टनने या सगळ्यांची यादी केली. आपले एका रकान्यात, बायकोच्या हिश्श्यातले दुसऱ्या रकान्यात, पुढे कोणाचं लग्न कोणाशी त्याचा शेरा. सुतारकाम करणारा आयझॅक वॉशिंग्टनचा. त्याची बायको किटी, दूधदुभतं बघणारी, कस्टिसांच्या हिश्श्यातली. त्यांना नऊ मुली, अर्थातच सगळ्या किटीच्या रकान्यात. वारसनोंदीच्या असल्या कोरड्या याद्या वाचण्यात माझी हयात गेली, पण या यादीपाशी थांबलो.

दोन्हीकडची लग्नं झालेली असल्यामुळे ताटातूट होईल, असं कारण देऊन वॉशिंग्टनने मृत्युपत्रात लिहिलं की माझे गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. ताबडतोब सुटका एकाचीच, त्याचा जुना सेवक विल्यम ली याची, वर्षाला ३० डॉलर लावून. डिसेंबर १७९९ मध्ये वॉशिंग्टन गेला. आता गंमत बघा: सव्वाशे माणसांचं स्वातंत्र्य एका म्हातारीच्या मरणावर टांगलेलं, आणि तीच माणसं तिच्या घरात राबतायत. तेव्हाचे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांची बायको ॲबिगेल तिला भेटून आली तेव्हा तिने पत्रात लिहिलं की मार्थाला जिवाची भीती वाटते. १ जानेवारी १८०१ ला मार्थाने त्यांना मोकळं करून टाकलं. आयझॅक सुटला. किटी आणि मुली राहिल्या. १८०२ मध्ये मार्था गेली आणि तिच्या हिश्श्यातली माणसं कस्टिसचे वारस असलेल्या चार नातवंडांत वाटली गेली.

आता ढोंगाचं. कस्टिसांचे गुलाम वॉशिंग्टनच्या हातात नव्हते, हे खरं. पण स्वतःच्या गुलामांना जिवंतपणी सोडायला १७८२ च्या कायद्याने वाट मोकळी होती. त्याच व्हर्जिनियातल्या रॉबर्ट कार्टरने १७९१ मध्ये दस्त करून सुमारे ५०० जणांना टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली. तेव्हा कायद्याची आड अर्धीच होती, बाकीची सोयीची.

दुसरं, ‘उत्तरेत तर १७८० मध्येच गुलामगिरी संपली होती’ हे तुमचं वाक्य. पेनसिल्व्हेनियाच्या १ मार्च १७८० च्या कायद्याने त्या दिवशी कोणीच सुटलं नाही. त्यापुढे गुलाम आईला होणारं मूल गुलाम नाही, पण २८ वर्षांचं होईपर्यंत बांधील. न्यूयॉर्कने ४ जुलै १७९९ पासून जन्मणाऱ्यांना असंच बांधलं, मुलगा २८ पर्यंत, मुलगी २५ पर्यंत. म्हणजे मालकाची भरपाई सरकारी तिजोरीतून नाही, त्या मुलांच्याच ऐन उमेदीतून.

न्यूयॉर्कच्या अल्स्टर काउंटीतली इझाबेला १७९७ च्या सुमाराची, म्हणजे या कायद्याला दोनेक वर्षांनी हुकली. मालक वारल्यावर वारसांनी लिलाव काढला, त्यात नऊ वर्षांची ही पोर मेंढ्यांच्या कळपासकट १०० डॉलरला गेली. तिच्या थकलेल्या बापाला पोसायचं कुणी, यावर वारसांची कुरकुर चालली होती. शेवटी त्यांनी तिच्या आईलाही मुक्त केलं, म्हातारा तिनेच सांभाळायचा या बोलीवर. मुक्तता कधीकधी अशीही होई, खर्च टाळायला.

ही इझाबेला म्हणजेच पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलणारी प्रसिद्ध वक्ती सोजर्नर ट्रुथ. तिचा मुलगा पीटर १७९९ नंतरचा, म्हणजे राज्याबाहेर विकायला बंदी. तरी तो अलाबामाला विकला गेला. ती अल्स्टर काउंटीतल्याच किंग्स्टनच्या कोर्टात गेली आणि १८२८ मध्ये तो तिला परत मिळाला. कोर्टात पोरगं रडत होतं, ही माझी आई नाही म्हणत होतं. घरी नेऊन तिने सदरा वर केला तर पाठभर वळ.